सांबऱ्याहून चार अंश

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ४०३ किलोमीटरवर आहे आणि बेंगळूरचा सुमारे ४४४ किलोमीटरवर. दोन्हींमधला फरक जेमतेम चाळीस किलोमीटरचा, म्हणजे तेवढ्यात बेळगावाहून निपाणीदेखील गाठता येत नाही. महामार्गाने कित्तूरच्या दिशेने निघाले, तर बेळगाव आणि कित्तूर यांच्या दरम्यान एक अशी जागा येते की जिथून हे दोन्ही विमानतळ अगदी सारख्या अंतरावर असतात. तिच्या अलीकडे मुंबई जवळची, पलीकडे बेंगळूर जवळचे. या जागेवर कोणताही दगड रोवलेला नाही आणि तशी गरजही कुणाला वाटलेली नाही. सीमाभागात दगड पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावरून वादही पुष्कळ झाले आहेत, तेव्हा एखादी रेषा विनादगड राहिली तर ते बरेच म्हणायचे.

माझी नोकरी भूमापन खात्यात गेली. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे आमच्याकडची मोजणी मुंबई इलाख्याच्या जुन्या वळणाची होती. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फुटांचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, ही आमची बाराखडी. टिपण, फाळणी, आकारबंद हे मोजणी-दप्तरातले शब्द राज्य बदलल्यावरही थोड्याफार कानडी उच्चाराने तसेच चालू राहिले. अशा नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला कुणी ‘अंतर इतके आहे’ असे सांगितले, की तो आधी विचारतो, कुठल्या खुणेपासून कुठल्या खुणेपर्यंत, आणि साखळी कशी धरली होती? मुलगी बेंगळूरला राहायला गेल्यापासून माझे विमानाने जाणे-येणे वाढले आणि तिकिटावरची वेळ, मोबाइलवरचे अंतर आणि प्रत्यक्षात घड्याळाने दाखवलेला काळ यांचा मेळ बसवण्याचा छंद मला लागला.

प्रथम खुणांचे पाहू. प्रत्येक विमानतळाचे अधिकृत अक्षांश-रेखांश एकाच बिंदूचे दिलेले असतात; त्याला विमानतळाचा संदर्भबिंदू म्हणतात आणि तो सर्वसाधारणपणे धावपट्टीच्या किंवा धावपट्ट्यांच्या मध्याजवळ धरलेला असतो. दोन विमानतळांमधले अंतर म्हणून जो आकडा छापला जातो, तो या दोन बिंदूंमधला असतो. प्रवासी ज्या दारातून आत जातो किंवा ज्या शिडीवरून उतरतो, त्या जागेशी त्याचा संबंध नसतो. सांबऱ्याची धावपट्टी २३०० मीटरची आहे, म्हणून इथे हा फरक किरकोळ आहे. बेंगळूरला चार-चार हजार मीटरच्या दोन समांतर धावपट्ट्या आहेत आणि तिथे उतरल्यावर विमान जमिनीवरून इतके चालते की प्रवाशाला आपण पुन्हा तुमकूरच्या रस्त्याला लागलो की काय अशी शंका यावी.

आता साखळीचे. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला उताराची जमीन मोजताना साखळी जमिनीला टेकवून धरत नाहीत. ती आडवी ताणायची, टोकाशी ओळंबा सोडायचा, पुन्हा तिथून पुढे आडवी ताणायची आणि असे पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरायचे, कारण नकाशावर जाते ते आडवे अंतर. शेतकऱ्याला हे पटत नसे. त्याला उतारावर नांगर धरावा लागतो, बियाणेही उतारभर पेरावे लागते आणि सरकार मात्र त्याची जमीन सपाट करून मोजते, ही त्याची तक्रार मला आजही पूर्णपणे चुकीची वाटत नाही. विमानाच्या अंतराचा आकडा याच जातीचा आहे. तो समुद्रसपाटीजवळ कल्पिलेल्या पृथ्वीच्या पृष्ठभागावर मोजलेला असतो. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटर उंचावर आहे, बेंगळूरचा विमानतळ त्याहून उंच, सुमारे ९१५ मीटरवर, आणि मुंबईचा जवळजवळ समुद्राच्याच पातळीला. पण या चढउतारांचा आकड्यात काहीच हिशेब नाही. दहा किलोमीटर उंचीवरून उडणारे विमान पृथ्वीच्या मध्यापासून तेवढे दूर असल्यामुळे त्याचा मार्ग हजारात दीड भागाने लांब होतो. बेंगळूरपर्यंतच्या प्रवासात ही वाढ फार तर सातशे मीटरची होते, म्हणून ती सोडून देणे योग्यच आहे.

हे अंतर कागदावर काढायला यंत्र लागत नाही. सांबरा १५.८६ उत्तर अक्षांश आणि ७४.६२ पूर्व रेखांशावर आहे, बेंगळूरचा विमानतळ १३.२० आणि ७७.७१ वर. अक्षांशांतला फरक २.६६ अंश, आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.६ किलोमीटरचा धरला, तर दक्षिणेकडे २९४ किलोमीटर झाले. रेखांशांतला फरक ३.०९ अंश, पण रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे एकत्र येत जातात, म्हणून विषुववृत्तावरच्या १११.३ किलोमीटरला दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाच्या कोज्येने, म्हणजे कोसाइनने, गुणावे लागते. साडेचौदा अंशांची कोज्या ०.९६८ आहे, म्हणून पूर्वेकडे ३३३ किलोमीटर झाले. मग शाळेत शिकलेले पायथागोरसचे सूत्र वापरले की ४४४ हे उत्तर मिळते. एवढ्या अंतराला पृथ्वी सपाट मानूनही चालते. अंतर हजारो किलोमीटरचे असेल तर मात्र गोलीय त्रिकोणमितीची सूत्रे हवीत, आणि मोबाइलमधले अंतरमापक बहुधा तीच वापरतात.

तरीही दोन मोबाइल दोन वेगळे आकडे दाखवतात आणि मग घरात वाद होतो. याचे मुख्य कारण असे की पृथ्वी पुरती गोल नाही. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या ६३५७ किलोमीटर आहे. जो हिशेब ६३७१ किलोमीटर सरासरी त्रिज्येचा गोल धरून केला जातो, तो सांबऱ्याहून दिल्लीपर्यंतचे अंतर १४३६ च्या आसपास दाखवतो. जो हिशेब गोलाभावर, म्हणजे ध्रुवांकडे किंचित चपट्या गोलावर केला जातो, तो १४३० च्या आसपास थांबतो. आपल्या अक्षांशांवर उत्तर-दक्षिण जाणारा अंश सरासरीपेक्षा किंचित आखूड पडतो, म्हणून दिल्लीच्या दिशेला ही तफावत जास्त दिसते. पृथ्वीचा हा चपटेपणा नेमका किती, हे ठरवण्यात हिंदुस्थानातल्या मोजणीचा मोठा वाटा होता. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले, पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले आणि १८३० मध्ये त्याने मांडलेला गोलाभ आमच्या खात्याच्या नकाशांना दीड शतकाहून अधिक काळ पुरला. विमाने आज १९८४ चा जागतिक गोलाभ वापरतात, कारण उपग्रहावरून मिळणारी स्थाननिश्चिती त्याच्यावरच बेतलेली असते.

वैमानिक मात्र किलोमीटर वापरत नाही. त्याचा सागरी मैल १८५२ मीटरचा आहे. ही लांबी १९२९ मध्ये मोनाकोच्या परिषदेत ठरली. पण तिचे मूळ पृथ्वीच्या वर्तुळातच आहे, कारण तो जवळपास अंशाच्या साठाव्या भागाएवढा, म्हणजे एका कलेएवढा आहे. ४४४ किलोमीटरचे सागरी मैल केले तर २४० होतात आणि २४० कला म्हणजे बरोबर चार अंश. सांबरा ते बेंगळूर हे अंतर पृथ्वीच्या संपूर्ण परिघाच्या नव्वदाव्या भागाइतके आहे. मला हा आकडा किलोमीटरपेक्षा अधिक समाधान देतो. त्यात माणसाने ठरवलेले असे फारसे काही उरत नाही. वर्तुळाचे ३६० भाग करणे तेवढे आपले, बाकी सगळे पृथ्वीचे.

अंशांचा विषय निघाला आहे तर वेळेचेही सांगून टाकतो, कारण रेखांशाचा एक अंश म्हणजे सूर्याची चार मिनिटे. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे. त्यामुळे बेळगावची मध्यान्ह घड्याळातल्या मध्यान्हीपेक्षा सरासरी साडेएकतीस मिनिटे मागे असते आणि बेंगळूरची एकोणीस मिनिटे. म्हणजे सूर्य बेंगळूरच्या विमानतळाच्या माथ्यावरून बेळगावच्या माथ्यावर यायला सुमारे बारा मिनिटे घेतो आणि विमान उलट दिशेला तेच अंतर तासाभरात तोडते. आपले जुने ज्योतिषी रेखांशाला देशांतर म्हणत आणि उज्जयिनीच्या मध्यरेषेपासून ते मोजत. एकच चंद्रग्रहण दोन ठिकाणी कोणत्या स्थानिक वेळेला दिसले, यावरून दोन गावांमधला पूर्व-पश्चिम फरक काढण्याची रीत त्यांना ठाऊक होती. वेळ मोजून अंतर काढण्याचा तो मार्ग होता. आज आपण अंतर मोजून वेळ काढतो, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

पण वेळेकडे जाण्यापूर्वी मुंबईची सरळ रेषा एकदा नकाशावर ओढून पाहण्यासारखी आहे. मी ती लांब पट्टी ठेवून पेन्सिलीने ओढली. सांबऱ्याहून वायव्येपेक्षा थोडी उत्तरेकडे कललेली ही रेषा निपाणीच्या किंचित पश्चिमेकडून राज्याची सीमा ओलांडते, कोल्हापूर शहर उजव्या हाताला ठेवून पन्हाळ्याच्या आसपास पोहोचते, तिथून कोयना धरणाजवळून घाटमाथा सोडते, पोलादपूरपाशी कोकणात उतरते आणि पेणच्या बाजूने खाडी ओलांडून मुंबईत शिरते. या रेषेवरून पायी जायचे म्हटले तर वारणेचे खोरे आणि कोयनेचे जंगल तुडवावे लागेल. म्हणूनच रस्ता तसा जात नाही. तो कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा करत पुण्याला जातो, मग बोरघाट उतरतो आणि ४०३ चे पाचशेच्या जवळपास किलोमीटर करतो. आगगाडी मिरजेचा फेरा घेते आणि सहाशेच्या पुढे जाते. बेंगळूरच्या दिशेला पठार असल्यामुळे महामार्ग सरळ रेषेपासून फार दूर जात नाही; ४४४ चे पाचशे होतात, इतकेच. सर्वांत वाईट हाल गोव्याचे. सांबऱ्याहून दाबोळी सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नीट भरत नाही, पण मध्ये सह्याद्री उभा असल्यामुळे चोर्ला घाटाने जाणाऱ्या मोटारीला दीडशेच्या घरात किलोमीटर पडतात, आणि पावसाळ्यात त्या घाटात किलोमीटर मोजण्यापेक्षा खड्डे मोजणे अधिक उपयोगाचे असते.

विमान तरी या पेन्सिलीच्या रेषेवरून जाते का? तेही नाही. सांबऱ्याच्या धावपट्टीची दोन टोके ०८ आणि २६ या आकड्यांनी ओळखली जातात. त्यांचा अर्थ होकायंत्राचे सुमारे ८० आणि २६० अंश, म्हणजे धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे. विमान वाऱ्याला सामोरे ठेवून उडवावे लागते. जून ते सप्टेंबर या काळात वारा अरबी समुद्राकडून येतो, तेव्हा आग्नेयेला बेंगळूरकडे निघालेले विमानसुद्धा आधी पश्चिमेला, बेळगाव शहराच्या दिशेला झेपावते आणि मग वळसा घेऊन आपल्या वाटेला लागते. त्यात काही किलोमीटर गेले. पुढे त्याला ठरलेल्या हवाई मार्गांवरून, नाव दिलेल्या बिंदूंवरून जावे लागते. हवाई दल आणि नौदल यांच्यासाठी राखलेला आकाशाचा भाग टाळावा लागतो. सांबरा मुळात १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने युद्धासाठी बांधलेला तळ आहे आणि भारतीय हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आजही तिथे आहे. गोव्याचे दाबोळी नौदलाचे आहे. शेवटी उतरतानाही विमानाला धावपट्टीच्या रेषेत येऊन ओळीत लागावे लागते. या सगळ्यामुळे सरळ अंतरापेक्षा उडालेले अंतर नेहमीच जास्त असते, आणि प्रवास जितका छोटा तितका या वाढीचा वाटा मोठा. दिल्लीच्या चौदाशे किलोमीटरात चाळीस किलोमीटर मुरून जातात, मुंबईच्या चारशेत ते चांगलेच जाणवतात.

आता वेळ. तिकिटावर जी सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ असते, त्यांच्यामधल्या काळाला विमान कंपन्या ब्लॉक टाइम म्हणतात. विमान आपल्या उभ्या जागेवरून हलते तेव्हा हा काळ सुरू होतो आणि दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबते तेव्हा संपतो. धावपट्टीपर्यंत जाणे, परवानगीची वाट पाहणे, उतरल्यावर पुन्हा चालत जाणे हे सगळे त्यात येते. आकाशातला काळ त्याहून कमी असतो आणि पूर्ण वेगाने सरळ उडण्याचा काळ तर फारच कमी.

बेंगळूरच्याच प्रवासात पाहा. जेट विमान तीस हजार फुटांवर गेले असे धरू. उतरताना दर हजार फुटांना साधारण तीन सागरी मैल लागतात, असा वैमानिकांचा ढोबळ ठोकताळा आहे. बेंगळूरची उंची तीन हजार फूट वजा केली तरी सत्तावीस हजार फूट उतरायला ऐंशी मैल, म्हणजे दीडशे किलोमीटर हवेत. चढायलाही साधारण तेवढेच लागतात. शिवाय दहा हजार फुटांखाली वेग सर्वसाधारणपणे २५० नॉटांच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या आत ठेवतात. म्हणजे ४४४ किलोमीटरमधला एक तृतीयांश भाग चढण्यात, एक तृतीयांश उतरण्यात जातो आणि मधल्या एक तृतीयांशात विमान खऱ्या अर्थाने प्रवास करते. हवाई सुंदरी पाण्याचा पेला पुढे करते तोवर कान बंद व्हायला लागतात, त्याचे कारण हे.

म्हणूनच विमानाचा वेळ काढण्यासाठी नुसते अंतराला वेगाने भागून चालत नाही. एक साधे सूत्र मला बऱ्यापैकी विश्वासाचे वाटते: किलोमीटरला आठशेने भागावे आणि आलेल्या वेळात अर्धा तास मिळवावा. बेंगळूरला तेहतीस मिनिटे आणि अर्धा तास, म्हणजे तासाहून थोडे अधिक. दिल्लीला पावणेदोन तास आणि अर्धा तास, म्हणजे सव्वादोन तास. वेळापत्रकात यापेक्षा थोडी जास्त वेळ छापलेली दिसते, कारण कंपनीला उशिराची सोय ठेवायची असते. पंख्याचे एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास उडते, पण ते कमी उंचीवर जाते, त्यामुळे त्याचे चढणे-उतरणे लवकर आटोपते. जेटचा वेग दीडपट असूनही बेळगाव-बेंगळूरच्या प्रवासात जेट एटीआरपेक्षा पंधरा-वीस मिनिटेच वाचवते. एटीआरच्या आवाजाला नाके मुरडणारे प्रवासी मी पुष्कळ पाहिले आहेत. आमच्या अंतराला मला ते विमान योग्य वाटते, आणि त्याच्या खिडकीतून मलप्रभेचे पात्र नीट दिसते.

वाऱ्याविषयी एक गैरसमज सुशिक्षितांतही असतो. जाताना वारा पाठीशी आणि येताना समोरून असेल, तर दोन्ही मिळून फिटंफाट होते, असे लोक धरून चालतात. तसे होत नाही. चौदाशे तीस किलोमीटरला वारा नसताना ताशी आठशेने जाऊन-येऊन २१४ ते २१५ मिनिटे लागतात. वारा ताशी शंभरचा असेल तर एका बाजूला नऊशेच्या वेगाने ९५ मिनिटे आणि दुसऱ्या बाजूला सातशेच्या वेगाने १२३ मिनिटे, म्हणजे एकूण २१८ लागतात. विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो, म्हणून नुकसान जास्त होते. आषाढात वडगावहून येळ्ळूरला सायकलने जाऊन आलेल्या कुणालाही हे गणित न करता कळते. आडवा वारासुद्धा फुकट नसतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावर पश्चिमेचा जोरकस झोत असतो. दिल्लीकडे जाणाऱ्या विमानाला तो डावीकडून लागतो आणि मार्गावर राहण्यासाठी विमानाला आपले तोंड थोडे वाऱ्याकडे वळवून उडावे लागते. ताशी दीडशेचा आडवा वारा आठशेचा वेग ७८६ वर आणतो, जातानाही आणि येतानाही. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणारे विमान लवकर का पोहोचत नाही, हा प्रश्न मला नातेवाइकांच्या लग्नात हमखास विचारला जातो. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, एवढेच त्याचे उत्तर आहे, पण जेवणाच्या पंगतीत ते कुणाला पुरेसे वाटत नाही.

मुंबईच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी व्यवहारात एकीचाच उपयोग होतो आणि उतरणाऱ्या विमानांची रांग लागते. वाट पाहणारे विमान आकाशात लांबट घेरे घेत राहते. प्रमाणित घेऱ्यात एक-एक मिनिटाच्या दोन सरळ बाजू आणि एक-एक मिनिटाची दोन वळणे असतात, म्हणजे घेरा पूर्ण व्हायला चार मिनिटे. असे तीन घेरे झाले की बेळगाव-मुंबईच्या एकूण वेळेत पाचव्या हिश्श्याची भर पडते आणि अंतरमापकाच्या दृष्टीने विमान एक किलोमीटरही पुढे सरकलेले नसते.

अंतर आणि वेळ यांतले कोणते माप खरे, हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही, कारण त्यावर पैसे ठरतात. लहान शहरांना विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या उडान योजनेत सुरुवातीला एका तासाच्या, सुमारे पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा होती. तिथे दोन्ही मापे एकाच दमात घेतलेली दिसतात. २०२० च्या मे महिन्यात कोरोनाच्या टाळेबंदीनंतर विमाने पुन्हा सुरू झाली, तेव्हा केंद्र सरकारने भाड्याच्या वरच्या आणि खालच्या मर्यादा ठरवताना अंतर बाजूला ठेवले आणि उड्डाणाच्या कालावधीचे सात टप्पे पाडले, चाळीस मिनिटांच्या आतला पहिला. ती व्यवस्था ऑगस्ट २०२२ अखेरपर्यंत चालली. विमान रद्द झाल्यावर मिळणाऱ्या भरपाईचा आपला नियमही ब्लॉक टाइमवर आहे: एक तासापर्यंत पाच हजार, दोन तासांपर्यंत साडेसात हजार आणि त्यापुढे दहा हजार रुपये, किंवा मूळ भाडे आणि इंधन आकार, यांत जे कमी असेल ते. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमात मात्र हीच पायरी किलोमीटरवर आहे; पंधराशे किलोमीटरपर्यंत २५० युरो. मोजणीदार म्हणून माझे मत युरोपच्या बाजूने आहे. दोन संदर्भबिंदूंमधले अंतर वेळापत्रक बदलल्याने बदलत नाही. ब्लॉक टाइम हा कंपनीने स्वतः दिलेला अंदाज असतो आणि ५८ मिनिटांचा प्रवास वेळापत्रकात ६५ मिनिटांचा लिहिला की नियमातली पायरी बदलते. ज्या खुणा एक पक्ष आपल्या मर्जीने हलवू शकतो, त्यांना आमच्या खात्यात खुणा मानत नसत.

तरी सामान्य माणूस वेळेनेच अंतर मोजतो, आणि तोही घराच्या दारापासून. टिळकवाडीतून सांबऱ्याला जायला मुतगे-निलजीची वर्दळ धरून अर्धा-पाऊण तास, विमानतळावर किमान तासभर आधी, विमानात सव्वा तास, देवनहळ्ळीहून बेंगळूर शहरात शिरायला पुन्हा तास-दीड तास. चार-साडेचार तास असे सहज होतात आणि त्यात चार अंशांच्या प्रवासाचा वाटा एक चतुर्थांशाच्या आसपास उरतो. रात्री जेवून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसला किंवा स्लीपर बसला बसणारा माणूस दहा-अकरा तास घालवतो, पण ते झोपेचे असतात, म्हणून तो ते मोजतच नाही. माझ्या मुलीच्या सासरची मंडळी म्हणूनच विमानाला ‘दिवस मोडणारी गाडी’ म्हणतात.

सीमाभागात या हिशेबाला आणखी एक फाटा फुटतो. निपाणी बेळगाव जिल्ह्यात आहे आणि जिल्ह्याचा विमानतळ सांबऱ्याला, सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटरवर. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ, जो १९३९ पासून आहे, निपाणीहून सुमारे ३१ किलोमीटरवर, म्हणजे निम्म्याहूनही कमी अंतरावर आहे. चिकोडीचेही तसेच: सांबरा ६३, उजळाईवाडी ४२. खानापूरकराला मात्र सांबराच जवळचा, २७ किलोमीटर. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने मुंबईसाठी सांबऱ्याचे तिकीट काढले, तर आधी मोटारीने दक्षिणेला पंच्याहत्तर किलोमीटर यायचे आणि मग विमानात बसून पुन्हा आपल्याच गावाच्या पश्चिमेकडून उत्तरेला जायचे, असा तो प्रकार होतो. मोटारीचा तो सव्वा-दीड तास, विमानतळावरचा तास, विमानातला सव्वा तास आणि मुंबईतली गर्दी मिळवली की पाच तास होतात. तो व्यापारी हे सगळे तोंडी करतो, कोल्हापूरचे विमान त्याच्या सोयीच्या वेळेला आहे का एवढे विचारतो, आणि नसेल तर पहाटे चारला मोटार काढून दुपारच्या जेवणाला मुंबईत पोहोचतो.